तंबू तंबूच का राहतो? रोमचा गेम आणि नागपूरच्या वस्त्या

नागपुरात झोपडपट्टीचा विषय निघाला की सुशिक्षित तोंडातून एक वाक्य ठरलेले असते : "या लोकांना सुधारायचेच नसते." ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कॉलनीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा राग येत नाही. उत्तर मात्र द्यावेच लागते. आज ते उत्तर आम्ही एका कॉम्प्युटर गेममधून देणार आहोत. आमच्या पोरांच्या हातात असलेल्या वस्तूंमधूनही व्यवस्था समजावून सांगता आली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

गेमचे नाव 'सीझर थ्री'. इम्प्रेशन्स गेम्स या कंपनीने तो १९९८ साली तयार केला. तुम्ही रोमन साम्राज्यातल्या एका प्रांताचे सुभेदार असता. समोर मोकळी जमीन असते. रस्ता काढायचा, घरांसाठी प्लॉट आखायचे, आणि शहर वसवायचे. पंचवीस वर्षांहून जुना असला तरी तो आजही खेळला जातो. हौशी प्रोग्रामरांनी 'ज्युलियस' आणि 'ऑगस्टस' या नावांनी त्याला नव्या कॉम्प्युटरवर जिवंत ठेवले आहे.

या गेममध्ये घराच्या वीस पायऱ्या आहेत. सर्वात खाली छोटा तंबू. मग खोपटे, झोपडी, पक्के घर, बहुमजली चाळ म्हणजे 'इन्सुला', पुढे व्हिला आणि शेवटी राजवाडा. खेळणाऱ्याला घर बांधताच येत नाही! तो फक्त जागा देतो. लोक सामानाचे गाडे ओढत येतात आणि तिथे तंबू ठोकतात. पुढची पायरी चढायची की नाही हे एकाच गोष्टीवर ठरते : शहराने त्या दारापर्यंत काय आणून दिले. विहिरीचे पाणी आले की छोट्या तंबूचा मोठा तंबू होतो. बाजारातून धान्य आले की खोपटे उभे राहते. पुढे देऊळ, नळाच्या पाण्याचे कारंजे, शाळा, स्नानगृह, भांडी, फर्निचर, तेल अशी मागणी वाढत जाते. जे जे मिळेल तसतसे लोक आपले घर आपणच वर नेतात. त्याच जागेवर.

आणि उलटेही घडते. पाणी तुटले, बाजाराची बाई त्या गल्लीत यायची थांबली, की पक्के घर पुन्हा खोपटे होते. माणसे तीच, जागा तीच, आळस वाढला असेही काही नाही. फक्त सेवा गेली. तंबूतला माणूस आळशी आहे म्हणून तो तंबूत आहे, असा एकही नियम या संपूर्ण गेममध्ये नाही. गेम लिहिणाऱ्यांना जे कळले ते आमच्या प्राध्यापकांना का कळत नाही?

आता नागपूर पाहा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती, आणि त्यातली सुमारे एक तृतीयांश माणसे झोपडपट्टीत राहत होती. चारशेहून अधिक वस्त्या. एवढी माणसे एकाच वेळी आळशी निघाली काय? इथे क्रमच उलटा लावला आहे. गेममध्ये आधी जागा, मग पाणी, मग घर. आमच्याकडे आधी पुरावा मागतात. वस्ती 'घोषित' आहे की 'अघोषित', हे १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याखाली ठरते. मग जमीन कोणाची, महापालिकेची, नागपूर सुधार प्रन्यासची, नझूलची, रेल्वेची, खाजगी, की झुडपी जंगल म्हणून नोंद असलेली? प्रत्येक मालकाचे दार वेगळे, प्रत्येक दारावर वेगळा बाबू. गेल्या काही वर्षांत नागपुरात मालकी पट्टे वाटले गेले, ते वस्त्यांनी मोर्चे काढून, अर्ज करून मिळवले. पण एका गल्लीला पट्टा आणि पलीकडच्या गल्लीला नाही, कारण जमिनीचा मालक बदलतो, हे चित्र आजही आहे.

आणि पट्टा नाही म्हणजे काय? पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. पण जागा तुमच्या नावावर हवी. म्हणजे ज्याला घराची सर्वात जास्त गरज, त्यालाच दार बंद. तीस वर्षे एका जागी राहणारा माणूस विटांची भिंत का घालत नाही? कारण उद्या बुलडोझर आला तर भिंत पडेल आणि कर्ज उरेल. हा हिशेब शहाणपणाचा आहे. याच शहाणपणाला वरचे लोक 'सुधारायचेच नाही' म्हणतात.

खरा मुद्दा पुढे आहे. सीझर थ्री मुरलेपणाने खेळणाऱ्यांची एक युक्ती प्रसिद्ध आहे. खाण, कारखाना, गोदाम चालवायचे तर मजूर शोधणारा माणूस जवळच्या वस्तीतून जावा लागतो. म्हणून कारखान्यांच्या शेजारी चारदोन तंबू टाकतात आणि त्यांना मुद्दाम काहीच देत नाहीत. शाळा नाही, कारंजे नाही. जेवढ्याने माणूस टिकेल तेवढेच. तंबू तंबूच राहावा हीच योजना असते. दुसरी युक्ती अशी की, घर व्हिला झाले की त्यात राहणारे 'पॅट्रिशियन' म्हणजे उमराव काम करणे बंद करतात. शहराचे मजूर कमी होतात. म्हणून चांगला खेळाडू बहुतेक घरांना त्या पायरीच्या खालीच अडवून ठेवतो.

मित्रहो, हे वाचून काही आठवले? एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, तिच्या आणि इतर गिरण्यांच्या आधाराने कामगारांच्या वस्त्या वाढल्या. गिरण्या बंद पडल्या, कामगार देशोधडीला लागला, वस्त्या राहिल्या. आज त्याच वस्त्यांतून बाया पहाटे उठून मोठ्या कॉलन्यांत धुणीभांडी करायला जातात, माणसे गटारात उतरतात, इमारतींवर विटा वाहतात. शहराला त्यांचे हात रोज हवेत, त्यांचे घर मात्र नकाशावर नको. वस्ती मागे 'राहिली' असे म्हणणे हा भाषेचा खोटेपणा आहे. तिला मागे ठेवले जाते, कारण तसे ठेवण्यात कोणाचा तरी फायदा आहे.

गेममध्ये आणखी एक आकडा आहे : परिसराची प्रतिष्ठा. बाग, पुतळा जवळ असला की प्रतिष्ठा वाढते. कारखाना, गोदाम, खाण जवळ असली की घटते आणि घर वर चढत नाही. म्हणजे जिथे श्रम होतात ती जागा हलकी, जिथे शोभा आहे ती जागा उंच. आम्हाला हे शिकवायला रोमला जावे लागत नाही. गावाच्या वेशीबाहेर महारवाडा कोणत्या आकड्याने ठरला होता? आणि आज सगळ्या नागपूरचा कचरा भांडेवाडीलाच का जातो? सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातला कचरा तिकडे जाऊन पडतो, उन्हाळ्यात ढीग पेटतात, धूर तिथल्या गरिबाच्या घरात शिरतो, आणि मग त्याच्याच घराला 'भाव नाही' म्हणतात. आधी घाण आणून टाकायची आणि नंतर वासाचा दोष राहणाऱ्याला द्यायचा. अस्पृश्यतेची ही रीत जुनीच आहे, आता तिला 'झोनिंग' म्हणतात.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : "कर आम्ही भरतो, फुकट यांना कशाला?" गेममध्येही व्हिलावाले कर जास्त भरतात. पण कारंज्याचे पाणी चालू ठेवणारा, आग विझवणारा, धान्य वाहणारा मजूर झोपडीतून येतो. तो एक महिना थांबला तर व्हिला कोसळून पुन्हा खाली येतो. कर आणि श्रम यांत कोण कोणाला पोसते, याचा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडाच.

मात्र या गेमला डोक्यावर घ्यायचे नाही. त्यात गुलाम नावाचा वर्गच नाही. खरा रोम गुलामांच्या पाठीवर उभा होता, आणि हे सोयीस्करपणे पुसले आहे. खऱ्या इन्सुलाही गेममधल्यासारख्या देखण्या नव्हत्या. त्या जळत, कोसळत. ऑगस्टसला उंचीवर ७० फुटांची मर्यादा घालावी लागली. गरीब सर्वात वरच्या मजल्यावर, पाणी मात्र खाली. म्हणून वस्ती उचलून तरोडी खुर्दसारख्या शहराच्या कडेला सदनिकांत टाकणे म्हणजे सुधारणा, असे कोणी सांगू लागले तर आम्ही विचारणार : कामाची जागा किती दूर? शाळा कुठे? बस किती वाजता? दूर टाकलेल्या पक्क्या घरापेक्षा जागेवरच्या घराला मिळालेले पाणी मोठे असते.

आणि एक गोष्ट कोणत्याही गेममध्ये नसते. तिथे घर वर गेले की माणूसही वर जातो. इथे आमचा मुलगा इंजिनिअर होऊन चांगल्या कॉलनीत भाड्याचे घर पाहायला जातो तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारतो. म्हणून बाबासाहेबांनी लढा पाण्यापासून सुरू केला तरी तो पाण्यावर थांबवला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले ते तहान भागवायला नव्हे, माणूस म्हणून बरोबरी सिद्ध करायला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात मनाचे घर बदलले. ज्या वस्त्यांना नळ नव्हता त्यांनी त्यानंतर पोरांना शाळेत घातले. इंदोऱ्याच्या गल्ल्यांतून डॉक्टर, वकील, अधिकारी निघाले ते कोणाच्या मेहेरबानीने नाही.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. जमीन कोणत्याही खात्याची असो, राहत्या जागेचा पट्टा द्या, आणि तो नवराबायको दोघांच्या नावे द्या. अघोषित वस्त्या घोषित करा. पाण्याची लाइन आणि गटार आधी, कागदाची छाननी नंतर. कचऱ्याचा भार एकट्या भांडेवाडीवर नको, तो प्रत्येक झोनने उचलावा. एवढे करा. घर कसे वाढवायचे ते आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. ते आमच्या आयांनी पत्र्यापासून स्लॅबपर्यंत, भिशीच्या पैशातून, एकेक वीट जोडून करून दाखवले आहे.

महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला जो कोणी दारात येईल त्याला एवढाच प्रश्न विचारा : आमचा तंबू तंबू ठेवण्यात तुमचा काय फायदा आहे?

जयभीम.