पांढरा कोळसा आणि मुळशीची कुळे

धागा जरा लांब आहे. सवडीने वाचावा.

२०२५ च्या जून महिन्यात भारताच्या वीजक्षेत्राने एक टप्पा ओलांडला. देशातील एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू आणि तेल यांच्याखेरीज अन्य स्रोतांची झाली. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेचा सत्तर टक्क्यांच्या आसपासचा वाटा अजूनही कोळशाचाच आहे. 'क्षमता' आणि 'निर्मिती' यांतला हा फरक अभिनंदनाच्या जाहिरातींत सहसा हरवतो. परंतु आजचा विषय तो नाही. या साऱ्या चर्चेत एक शब्द वारंवार येतो, 'प्रथमच'. त्या शब्दापाशी थांबावेसे वाटते, कारण धुराकडून स्वच्छ विजेकडे जाण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच प्रांतात शंभर वर्षांपूर्वी पार पडलेला आहे. त्याचा नफा-तोटा आपण नीट मांडलेला नाही, आणि म्हणून त्यातली एक चूक आज पुन्हा होऊ घातली आहे, असे माझे मत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीची मुंबई डोळ्यांसमोर आणा. गिरणगावातली प्रत्येक गिरणी स्वतःचे बाष्पयंत्र चालवीत होती. कोळसा बंगालमधून यायचा, ब्रिटनमधून यायचा, दक्षिण आफ्रिकेतूनही यायचा. मुंबईच्या आसपास तो कुठेच नव्हता. धुराचा उपद्रव एवढा होता की १९१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा वेळी जमशेटजी टाटांनी उचलून धरलेली एक कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर आकाराला आली. घाटमाथ्यावरचा पाऊस लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून अडवायचा आणि नळांवाटे पाचशे मीटरच्या आसपास खाली खोपोलीला सोडून त्याच्या जोरावर वीज करायची. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. भांडवल लंडनच्या बाजारातून नव्हे, तर भारतातूनच उभे राहिले, आणि त्यात संस्थानिकांचा वाटा मोठा होता. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली.

जलविद्युतेला त्या काळी जगभर 'पांढरा कोळसा' म्हणत. नाव सार्थ होते. धूर नाही, राख नाही, जहाजाची वाट पाहणे नाही. ही कामगिरी थोर होती, हे आधी मोकळेपणाने मान्य करू. टाटांना खलनायक ठरवून लाइक मिळवणे सोपे आहे, पण त्याने इतिहास कळत नाही.

आता घाटाच्या वरच्या बाजूला या. भिऱ्याच्या केंद्राला पाणी पुरवण्यासाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी, मुळशी पेट्यात धरण बांधायचे ठरले. सुमारे पन्नास गावे आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. भीमेच्या वाटेने पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेला कोकणात उतरणार होते. भूसंपादनाची प्रक्रिया पुरी होण्याआधीच कंपनीने खोदकाम सुरू केले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामाच्या जागी येऊन बसले. काम काही काळ थांबले. गांधीजींनी 'यंग इंडिया'त टाटांना उद्देशून लिहिले. पुढे शिवरामपंत परांजपे याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले तेही इथेच. शेवटी १९२४ मध्ये कामगारांची आगगाडी शस्त्राच्या धाकाने अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. धरण झाले. त्या तलावाकाठी आज आपण पावसाळ्यात कणीस खायला जातो.

(जाता जाता: 'जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन' हे बिरुद जपून वापरावे. इंग्लंडमध्ये थर्लमेअरच्या आणि अमेरिकेत हेच हेचीच्या धरणाला त्याआधीच संघटित विरोध झाला होता. मात्र तिथे वाद प्रामुख्याने निसर्गसौंदर्याचा होता. पोटापाण्यासाठी शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले, हे मुळशीचे वेगळेपण आहे, आणि मला ते 'पहिले' या शब्दापेक्षा मोठे वाटते.)

इथवरची कथा अनेकांना ठाऊक असते. 'शेतकरी विरुद्ध कंपनी' अशी ती सांगितली जाते. खरी गुंतागुंत मात्र तिसऱ्या पक्षापाशी आहे. मुळशी पेट्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापोटी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या त्याच खाचरात भात लावणारा मावळा कागदावर मालक नव्हता. तो कूळ होता. त्याच्याही खाली शेतमजूर आणि गुराखी. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात हे दुखणे नेमके दाखवले आहे. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्यासाठी प्रश्न अखेर मोबदल्याच्या दराचा होता, आणि दर वाढताच विरोधाची धार बोथट झाली. जो फक्त कसत होता त्याच्यासाठी दर हा प्रश्नच नव्हता, कारण त्याला दर लागूच होत नव्हता.

कायद्याची रचनाच तशी होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेण्याची सोय एका स्वतंत्र भागात केली होती. काम लोकांना उपयोगी पडण्याजोगे आहे, एवढे सरकारला पटले की पुरे. मोबदला ज्याचा हक्क सिद्ध होईल त्याला. कुळाला भक्कम संरक्षण देणारा कूळकायदा यायला १९४८ उजाडायचे होते. मुळशी तोवर बुडून दोन दशके झाली होती.

कसणाऱ्याला भूसंपादनाच्याच कायद्यात जागा मिळायला आणखी वेळ लागला. २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि १८९४ चा कायदा रद्द झाला. या कायद्यातील 'बाधित कुटुंब' या व्याख्येत जमीन नसलेली माणसेही येतात. संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात काम करणारे शेतमजूर, कुळे, वाटेकरी, सारे. शिवाय खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी आणि आधी सामाजिक परिणामांची पाहणी हवी. मुळशीनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी भारताच्या कायद्याने मुळशीच्या कुळाला माणूस म्हणून मोजले.

आणि नेमक्या याच टप्प्यावर स्वच्छ ऊर्जेने दुसरी वाट शोधली: संपादन न करता भाडेपट्टा. कर्नाटकातील पावगडचे सौर उद्यान हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. २,०५० मेगावॅट क्षमता, सुमारे १३,००० एकर जमीन, शेतकऱ्यांना सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे आणि ठरावीक काळाने वाढ. दुष्काळी तालुक्यातील जमीनमालकाला हा व्यवहार परवडतो, त्याची मालकीही शाबूत राहते. मुळशीच्या तुलनेत ही प्रगतीच आहे. पण भाडे ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळते. त्या शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईचे आणि तिथे शेळ्या चारणाऱ्याचे काय? संपादन झालेच नाही, म्हणून २०१३ चा कायदा लागू होत नाही. कायदा लागू नाही म्हणून 'बाधित कुटुंब' नाही. सौर प्रकल्पांना पर्यावरणीय पूर्वपरवानगीही लागत नाही, त्यामुळे ती जनसुनावणीही नाही. त्या बाईची नोंद होईल असे एकही ठिकाण या साखळीत उरत नाही.

महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे देऊ केले आहे. कृषिपंपाला दिवसा वीज मिळावी, हा हेतू उत्तम. रात्री-अपरात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. पण याच योजनेत गायरान जमिनीही दिल्या जातात. गायरानावर सातबारा शासनाचा असतो आणि वहिवाट गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसांची. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबे कित्येक वर्षे गायरान कसत आली आहेत. सरकारी भाषेत ते अतिक्रमण ठरते. मुळशीचे कूळ निदान कूळ म्हणून तरी ओळखले जात होते.

यावर मित्र म्हणतात, हवामानाचे संकट दारात असताना असले हिशेब काढून कोळशाचेच फावते. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. कोळशाच्या खाणींनी केलेले विस्थापन याहून कितीतरी पटींनी मोठे आणि क्रूर आहे. परंतु मी प्रकल्प थांबवा असे म्हणत नाही. २०१३ च्या कायद्यातील 'बाधित कुटुंबा'ची व्याख्या भाडेपट्ट्याला आणि गायरानालाही लावा, एवढेच म्हणतो. ती व्याख्या तयार आहे, संसदेने संमत केलेली आहे. पट्टा करण्याआधी कसणाऱ्यांची आणि चारणाऱ्यांची यादी करायची आणि भाड्यातला ठरलेला हिस्सा त्यांच्या नावे लावायचा. प्रकल्पाच्या एकूण खर्चात ही रक्कम फार मोठी नसेल.

घाई आहे तीही एका कारणाने. दुपारी सौर वीज मुबलक असते आणि वीजबाजारातला भाव पडतो. सूर्य मावळला की मागणी चढते आणि भाव प्रति युनिट १० रुपयांच्या कमाल मर्यादेकडे धावतो. दुपारची स्वस्त वीज वापरून पाणी डोंगरावर चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज करायची, अशा उदंचन प्रकल्पांना त्यामुळे एकदम मोल आले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि टाटा पॉवर यांच्यात असे दोन प्रकल्प उभारण्याचा करार झाला, एकूण २,८०० मेगावॅटचे. एक भिवपुरीला. दुसरा मावळात, शिरवत्याला.