पिंपरीचं ‘पपर’ होतं तेव्हा...

ऑनलाइन फॉर्मवर मराठीत नाव टाकलं, की कधी कधी लाल शेरा येतो : ‘फक्त अक्षरे लिहा’. अरे, मग आपण आकडे लिहिलेत का? गोची अशी, की युनिकोडच्या लेखी काना, वेलांटी, अनुस्वार ही ‘अक्षरं’ नाहीत, ‘चिन्हं’ आहेत. तपासणारा कोड नुसती अक्षरंच ठेवू लागला, तर पिंपरीचं ‘पपर’, चिंचवडचं ‘चचवड’ आणि चाकणचं ‘चकण’ होतं! हसू येतं खरं, पण अर्ज अडकला की नाही येत.

खापर प्रमाणांवर फोडता येत नाही. माहितीला टॅग लावणाऱ्या एक्सएमएलने १९९८च्या पहिल्याच आवृत्तीत टॅगच्या नावात या चिन्हांना जागा दिली. अट एवढीच, की नावाची सुरुवात त्यांनी व्हायला नको. उशीर झाला तो ‘ॲ’ला. तो युनिकोडमध्ये आला २००८मध्ये. त्याच वर्षी एक्सएमएलच्या पाचव्या आवृत्तीने टॅगच्या नावांचे नियम सैल केले. पण कोडची लायब्ररी चौथ्या आवृत्तीवरच थांबलेली असेल, तर ‘ॲ’ आजही दाराबाहेर.

हिंजवडी, तळवड्यात टेस्टिंग करणाऱ्यांनो, ‘एबीसी’ पुरे झालं. एकदा मोशीची ‘बोऱ्हाडेवाडी’ टाकून बघा.