सुटलेला हातचा



उभी बेरीज करताना मध्येच कुणी हाक मारली की हातचा सुटतो आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात करावी लागते. आम्हा कारकुनांना हे रोजचेच. हा हातचा मन जिथे धरून ठेवते, त्या जागेला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. बॅडली आणि हिच या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७४ साली तिची मांडणी केली. जागा फार लहान. एका वेळी चार-पाच गोष्टी मावल्या तरी पुष्कळ.

गेल्या महिन्यात कचेरीत वरिष्ठांनी चारचौघांत आमचा पाणउतारा केला. घरी येईपर्यंत तेच शब्द डोक्यात घोळत होते. दारातच धाकटीने सहलीच्या पैशांचे विचारले मात्र, आम्ही तिच्यावर ओरडलो. पोर मुकाट्याने आत गेली. मग तिच्या आईने आठवण दिली, की ते पैसे आम्हीच सकाळी मोजून खिशात ठेवले होते! पैसे खिशात होते, पण ध्यानात नव्हते. रागाने ती लहानशी जागा भरून टाकली होती. पोरीचा काय दोष, एवढा विचारही तिथे मावला नाही.

त्या जागेत काय येऊ द्यायचे हे लक्ष ठरवते. पालीतला 'सति' हा शब्द म्हणजे संस्कृतातली स्मृती. लक्ष ठेवणे आणि आठवण ठेवणे, दोन्ही एकाच शब्दात. सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की चित्तात द्वेष असेल तर तो आहे असे जाणावे. लपवाछपवी नको. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील लीबरमन यांनी २००७ साली याच्या जवळचा प्रयोग प्रसिद्ध केला. रागावलेले, घाबरलेले चेहरे पाहताना त्या भावनेला नुसते नाव दिले तरी मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली.

आमचे एक कार्यकर्ते मित्र यावर उसळून म्हणाले, "म्हणजे अन्याय सोसायचा?" मुळीच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. आपली माणसे उलट तुटून पडायला सज्ज होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्यांना काय राग नव्हता? पण आपण इथे हक्क बजावायला आलो, हा हातचा त्यांनी सुटू दिला नाही. पुढे खटला होऊन हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जळाली.

आमचे प्रकरण त्यामानाने अगदीच किरकोळ. हल्ली दारात चपला काढताना आम्ही मनात म्हणतो, 'राग आहे, कचेरीतला आहे.' दहापैकी चार वेळा जमते. सहलीचे पैसे त्याच रात्री धाकटीच्या दप्तरात ठेवले. 'चुकलो' म्हणायला मात्र आम्हांला दोन दिवस लागले.