निलगिरीची बाटली आणि आपण



पाऊस लागला, की आमच्या डहाणूत घराघरांतून निलगिरीच्या तेलाचा वास येऊ लागतो. कुणाचं नाक चोंदलेलं, कुणाचं डोकं जड, कुणाचं बाळ रात्रभर किरकिरलेलं. मी सकाळी शाळेत तीन तास घ्यायला जाते, तर निम्म्या वर्गाच्या रुमालांना तोच वास! तुमच्याही घरी फळीवर ही बाटली असेलच. आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण तिनं मला एकदा चांगलाच धडा शिकवला आहे.

माझं सासर तलासरीचं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही तिकडे गेलो होतो. धाकटी तेव्हा साडेतीन वर्षांची, सर्दीतापानं हैराण. मोठी बाटली सांडते म्हणून मी थोडं निलगिरी तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून नेलं होतं. बाटली धुतली होती, पण तिच्यावरचा कागद तसाच राहिला होता.

रात्री वीज गेली. मी चुलीपाशी, आणि आत पोरगी खोकू लागली. सासूबाईंनी मेणबत्तीच्या उजेडात बाटली ओळखली आणि चमचाभर ‘औषध’ पाजलं. त्यांचंही नाक चोंदलेलं, वास कळला नाही. पोरीनं ओकारी काढली, मग ती पेंगुळली आणि थोड्या वेळात तिला झटके येऊ लागले. शेजाऱ्यांची जीप मिळाली म्हणून वेळेत दवाखाना गाठता आला. सासूबाईंनी ती बाटली पदरात धरून आणली होती. डॉक्टरांनी बूच उघडलं मात्र, त्यांना सगळं कळलं.

दोन दिवसांनी पोरगी हसत घरी आली. पण सासूबाई अजून म्हणतात, “माझ्या हातून झालं गं.” मी म्हणते, “आई, चमचा तुमचा होता, पण बाटली मी भरली होती.”

आपण म्हणतो, झाडपाल्याचंच तर आहे, अपाय कसला? पण पाला वेगळा आणि तेल वेगळं. शंभर किलो निलगिरीच्या पाल्यातून साधारण एक-दोन किलो तेल निघतं. म्हणजे चहाच्या एका चमच्यात साधारण पाव किलो किंवा त्याहूनही जास्त पाल्याचा अर्क! परसातल्या गवती चहाची दोन पाती उकळणं आणि तेल पोटात घेणं यांत असा जमीन-अस्मानाचा फरक आहे. कापूरही तसाच. थोडासा पोटात गेला, तरी लहान मुलाला झटके येतात.

मग ही तेलं निरुपयोगी का? मुळीच नाही. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर एकत्र केले, की पाण्याचा थेंबही न घालता त्यांचं पाणी होतं. हीच आपल्या आजीची अमृतधारा. तिच्या वासानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण खरं पाहता पुदिन्याचं सत्त्व नाकातल्या गारवा जाणवणाऱ्या नसांना जागं करतं. वाट तेवढीच अरुंद असते, आपल्याला मात्र बरं वाटतं. रात्रीची झोप लागली तर तेही काही कमी नाही.

मात्र त्यानं सर्दीतापाचे विषाणू मरत नाहीत. काही तेलं प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत विषाणूंना निकामी करतात, हे खरं. पण अंगात तेवढं तेल घालायचं तर आधी आपल्याच पेशींना इजा होईल. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंवर स्निग्ध पदार्थाचं वेष्टन असतं. ते हातांवर असतानाच मोडायला साधा साबण पुरतो. २०२१ साली, कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगली की अंगातला ऑक्सिजन वाढतो, असा निरोप मोबाइलवरून घरोघरी फिरला होता. तो खोटा होता. पुरचुंडीवर विसंबून डॉक्टरांकडे जायला उशीर करणं, हा त्यातला खरा धोका.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

१. तेल मूळ बाटलीतच ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. देवापुढचा कापूरसुद्धा!

२. ही तेलं कुणालाही पोटात देऊ नका.

३. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर-निलगिरीचं मलम लावू नका. बाळाच्या नाकपुडीत तर मुळीच नाही, त्याचा श्वास अडखळू शकतो. त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्याचे तयार थेंब आणा.

४. मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका. भाजण्याची भीती मोठी, फायदा थोडा. मोठ्यांनी डोळे मिटून दोन थेंबांची वाफ घ्यावी. दमा असेल तर उग्र वास टाळावा.

५. चुकून पोटात गेलंच, तर ओकारी काढायला लावू नका. १०८ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

आणखी एक. आमच्याकडे पावसाळ्यातला प्रत्येक ताप सर्दीचाच असतो असं नाही. नाक वाहत नाही, पण ताप चढलाय, डोळ्यांमागे दुखतंय, अंग मोडून आलंय, तर अंगाला तेल चोळत बसू नका. रक्त तपासून घ्या, डेंग्यू किंवा हिवताप असू शकतो. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे आगीचे फोड आले, तर ती नागीण. तिच्यावर गोळ्या आहेत, पण पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर गुण चांगला येतो. ते तीन दिवस लेपात घालवू नका.

परवा मी आमच्या फळीवरची प्रत्येक बाटली खाली काढली आणि नावाचा कागद सुटलेल्या सगळ्या टाकून दिल्या. सासूबाई आल्या होत्या, त्याच एकेक हातात देत होत्या. तुम्हीही आज दुपारची आवराआवर झाली, की आपली फळी एकदा बघाल ना?