'काहीच घडत नाही' हा शेरा

आपल्या वाङ्मयीन चर्चांत एक दुटप्पीपणा बिनतक्रार चालतो. वास्तववादी कादंबरी संथ असली की ती चिंतनशील ठरते. अद्भुताची कादंबरी संथ असली की कंटाळवाणी. 'कोसला'त (१९६३) घडते तरी काय, असे आज कोणी गंभीरपणे विचारणार नाही. पण कथेत ड्रॅगन किंवा जादूगार आला की दर पन्नास पानांमागे एक लढाई झालीच पाहिजे, अशी अट आपण मनोमन घालतो. अद्भुत म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे वेग, हे समीकरण कोणी मांडले आणि कधी सिद्ध केले, देव जाणे!

अर्सुला ले ग्विन यांची 'तेहानू' (१९९०) या शेऱ्याची जुनी मानकरी आहे. अर्थसी मालिकेतल्या पहिल्या तीन कादंबऱ्या १९६८ ते १९७२ या काळात आल्या. त्यांत सागरप्रवास होते, स्वतःच्याच सावलीशी झुंज होती, मृतांच्या प्रदेशात उतरणारा महाजादूगार गेड होता. अठरा वर्षांनी चौथी कादंबरी आली आणि वाचकापुढे उभी राहिली तेनार, एक मध्यमवयीन, शेतकऱ्याची विधवा. तिने सांभाळायला घेतलेली थेरू ही पोर आपल्याच माणसांनी मारून आगीत टाकलेली. गेडही येतो, तोही ड्रॅगनच्या पाठीवरून. पण शक्ती कायमची गमावून, आणि त्या लाजेने राजाच्या दूतांपासून तोंड लपवीत. महाजादूगार शेळ्या राखायला डोंगरात निघून जातो. उरलेली बरीचशी पाने घरकामाची आणि शेजारपाजारची आहेत.

म्हणे काहीच घडत नाही. ज्याचे सारे असणे एका विद्येत सामावले होते, त्याची ती विद्या गेल्यावर मागे कोण उरते, हा इथला प्रश्न आहे. तो तलवारीने सुटत नाही. त्याला दिवस लागतात, आणि दिवस लागतात हे वाचकाला जाणवण्यासाठी पाने लागतात. थेरूचेही तसेच. भाजलेली, भेदरलेली, कोपऱ्यात दडणारी ही मुलगी माणसांवर पुन्हा विश्वास टाकायला एका प्रकरणात शिकली असती, तर ती लेखिकेची लबाडी ठरली असती. वेगवान कादंबरीने या मुलीचे काय केले असते, याचा विचार करावा: सूडकथेला लागणारे निमित्त, एवढेच.

एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तेनारचा खलाशी मुलगा घरी परततो आणि जेवल्यावर स्वतःचे ताट उचलायला नकार देतो; ते बायकांचे काम. एकेकाळचा महाजादूगार मात्र त्याच घरात निमूटपणे भांडी घासू शकतो. आधीच्या तीन पुस्तकांतल्या जादूच्या विद्यापीठात स्त्रीला प्रवेश नव्हता आणि त्याबद्दल आपल्याला (मलाही, लेखिकेलाही बहुधा) काही खटकले नव्हते. तो हिशेब ले ग्विन इथे एका उष्ट्या ताटावर मांडतात. रणभूमीच्या गदारोळात ते ताट दिसले नसते.

उलट, कादंबरी जिथे घाई करते तिथेच ती उणी पडते. शेवटच्या पानांत दुष्ट जादूगाराचा मंत्र, कड्याची कड, आकाशातून उतरणारा ड्रॅगन असे सारे भराभर उरकते. तक्रार करायचीच तर ती इथे करावी.

आणि निदान मराठी वाचकाने तरी ही तक्रार जपून करावी. इंग्रजीतल्या 'नॉव्हेल'ला आपण जो शब्द दिला, तो सातव्या शतकात बाणभट्टाने रचलेल्या एका कथेचे नाव आहे. तिथे पोपट राजाला गोष्ट सांगतो, माणसे पुन्हा पुन्हा जन्म घेतात, आणि तरीही कथा एकेका वर्णनापाशी पानेच्या पाने थांबते. इतकी थांबते की ती पुरी करायला बाणाचा मुलगा लागला. अच्छोद सरोवराच्या काठी महाश्वेता मृत प्रियकराची वाट पाहत बसलेली असते, आणि तिच्या त्या बसण्याला कंटाळवाणे म्हणण्याचे धाडस आपल्या वर्गांत कोणी करीत नाही. ती संस्कृतात बसली आहे ना!