बारा स्वर, एक तबकडी
आपल्या सप्तकातही स्वर बाराच. पण सगळे षड्जाच्या आश्रयाने राहतात. व्हिएन्नाच्या संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गने १९२०च्या दशकात तो आश्रयच काढून घेणारी पद्धत बसवली: बाराही स्वर ठरवलेल्या क्रमाने यायचे, मानाचे पान कुणालाच नाही. १९२८ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा वाजलेल्या त्याच्या 'ऑर्केस्ट्रासाठी व्हेरिएशन्स'ची एक देखणी तबकडी आपल्या मुंबईत जन्मलेल्या वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांची आहे. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर डेक्का कंपनीसाठी केलेली. मेहतांचे व्हिएन्नातले गुरू हान्स स्वारोव्स्की हे खुद्द शोनबर्गचे शिष्य, म्हणजे घराणे थेट! शोनबर्गचे हे संगीत ओळखीच्या चालीवर चालत नाही. वाद्यांचे वेगवेगळे रंग आणि मधली शांतता हाच ऐकणाऱ्याचा आधार. म्हणून ध्वनिमुद्रण नितळच हवे. खरखर वाढली की हळुवार जागा बुडाल्याच. त्यात आमच्या वरंध गावचा पाऊस! पुठ्ठ्याच्या वेष्टनाला बुरशी धरायला एक आषाढ पुरतो. तेव्हा तबकड्या जमवण्याचा छंद लागलाच, तर त्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. आतले दमट कागद वेळेवर बदला. आणि जुन्या बाजारात घेताना वरच्या चित्रावर भाळू नका, तबकडी उजेडात तिरपी धरून आधी चरे बघा.