दुसरी वही कुठे आहे?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, म्हणून जुन्या खातेवह्याही आम्ही उर्दूतच लिहीत असू. दुकानात संगणक आला तो मुलांच्या आग्रहामुळे. आज आमच्या पडेगावातला लहान दुकानदारसुद्धा बिल संगणकावर काढतो, ही चांगलीच गोष्ट आहे. आमची तक्रार संगणकाबद्दल नाही, आपल्या सवयीबद्दल आहे. कागदाची वही आपण रात्री तिजोरीत ठेवून कुलूप लावत होतो. तीच वही संगणकात गेली आणि तिच्या रक्षणाची जबाबदारी आपण दुरुस्ती करणाऱ्या पोरावर टाकून मोकळे झालो.

याचा फटका आम्ही स्वतः खाल्ला आहे. दोन वर्षांपूर्वी रमजान ईदचा हंगाम तोंडावर होता. छपाईसाठी बाहेर गेलेला पेनड्राइव्ह परत आला, दुकानातल्या संगणकाला लावला आणि तासाभरात सगळ्या फाइली दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. दुरुस्तीवाल्याने विचारले, "फॉरमॅट मारू का?" दुकानात गिऱ्हाईक उभे होते. आम्ही म्हणालो, "मारा." संध्याकाळी संगणक नव्यासारखा चालू झाला, पण आत काहीच नव्हते. टॅलीचा हिशेब, उधारीची यादी, कशिदा व शिलाईच्या कारागिरांना दिलेली उचल, इनपेजमध्ये केलेली उर्दू पत्रके, सारे गेले.

खरी चूक पुढे कळली. तोच पेनड्राइव्ह एका जाणत्या मुलाने तपासला. व्हायरसने त्यातल्या फाइली पुसल्या नव्हत्या, फक्त लपवल्या होत्या, आणि त्याने त्या दहा मिनिटांत बाहेर काढून दाखवल्या. म्हणजे आमचा हिशेब व्हायरसने नेला नाही, आमच्या घाईने नेला.

त्यानंतर आम्ही कारागिरांच्या दारी गेलो. त्यांच्या खिशातल्या मळक्या डायऱ्यांत उचल, मजुरी, तारीख, सर्व लिहिलेले होते. जिथे आमच्याकडे कागद नव्हता तिथे त्यांचा आकडा आम्ही मान्य केला. दुसऱ्याच्या मजुरीचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे. ती आपण हरवली, तर तोटा कारागिराने का सोसावा? उधारीचे मात्र निम्म्याहून अधिक पैसे बुडाले. ज्यांनी आठवून स्वतःहून आणून दिले, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

ही फक्त लहान दुकानाची कथा आहे असे कोणी समजू नये. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जगातील बड्या जहाज कंपनीला गाठले. आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडून चालणाऱ्या टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे ठप्प झाले. हा व्हायरस युक्रेनमधील करहिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला होता. तो खंडणी मागत होता, पण पैसे देऊनही फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. कंपनीने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर सर्व काही नव्याने बसवले, तेही दहा दिवसांत. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे सांगितले गेले. संगणकांचे जाळे ज्या नोंदींवर उभे असते, त्यांची एकच शाबूत प्रत उरली होती, ती घाना देशातल्या कार्यालयात. त्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून ती वाचली असे पुढे प्रसिद्ध झाले. भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून एवढे घ्यावे की जी प्रत तारेला जोडलेली नव्हती, तीच वाचली.

म्हणून "आमचा माल डी ड्राइव्हवर आहे, काळजी नाही" हे म्हणणे सोडून द्या. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. कायम लावून ठेवलेली बाहेरची डिस्कही व्हायरसच्या तावडीत सापडते. इंटरनेटवर आपोआप जाणारी प्रत चांगली, पण बिघडलेली फाइल तिथेही बिघडलेलीच पोचू शकते. तिथे जुन्या आवृत्त्या राहतात ना, हे पाहून घ्या. जाणकारांचा साधा नियम आहे: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर. रोज दुकान वाढवताना प्रत घ्यावी, डिस्क काढून घरी न्यावी. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा नाही.

व्हायरस आलाच, तर क्रम चुकवू नका. आधी इंटरनेटची तार काढा. मग डिस्क जाणत्या माणसाकडून स्वच्छ संगणकावर तपासून घ्या आणि कामाच्या फाइली तेवढ्या उतरवा, प्रोग्राम नकोत. त्या उघडतात याची खात्री झाल्यावरच डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवा. बसवण्याचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, निरोगी संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवावा. ८ जीबीचा पुरतो. बाजारात फिरणारी फुकटची चोरटी प्रत घेऊ नये, कारण तिच्यासोबतच नवा रोग यायचा. शेवटी बँकेचे व जीएसटीचे पासवर्ड बदलावेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असू द्या.

कोणी म्हणेल, एवढी दगदग कोण करील? कायदा करायला सांगतोच. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो, आणि नियम ५७ प्रमाणे संगणकावरील हिशेबाची प्रत ठेवावी लागते. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट शब्दाची आहे. आपला कारागीर आपल्या नोंदीवर विसंबून सुई चालवतो. व्यापारी बंधूंनो, आज दुकान वाढवण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा संगणक उद्या उघडलाच नाही, तर माझी दुसरी वही कुठे आहे?